तीस टक्क्यांची रेघ : २६ आठवड्यांच्या एका बाळाचा श्वास

(रुग्णालयाचं नाव देत नाही. घरच्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. तासगावकडं द्राक्षबागांच्या छाटण्या उरकत आल्या होत्या आणि परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. सकाळी साडेअकराला एका ग्रामीण रुग्णालयातून तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन आला. "सर, पहिलटकरीण आहे, २४ वर्षांची. पहाटेपासून पाणी जातंय, कळा आहेत. नवव्या आठवड्यातली सोनोग्राफी आहे, त्यावरून २६ आठवडे २ दिवस भरतात. अकरा वाजता डेक्साचा पहिला डोस दिलाय. १०८ दारात उभी आहे. घेता का?"

पुढच्या अडीच महिन्यांत आम्ही या बाळासाठी जे जे केलं, त्यातली सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात मोलाची गोष्ट या फोनच्या आधीच होऊन गेली होती. आईला डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी द्यायचे असतात. ते बाळाच्या फुप्फुसांना घाईनं का होईना, तयार करतात. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी हे माणसांत दाखवलं, पण आपल्यासारख्या देशांत त्याचा उपयोग होतो का, यावर बरीच वर्षं शंका काढल्या गेल्या. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीनं त्या मिटवल्या. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या देशांत २६ ते ३३ आठवड्यांच्या आयांना हे इंजेक्शन दिलं, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. "आधी पाठवू, इंजेक्शन काय ते तिकडं देतील" म्हणून वाया गेलेले तास मी भरपूर पाहिलेत. या पोरानं आधी सुई टोचली, मग फोन उचलला. शिवाय बाळ पोटात असतानाच आईला पाठवलं. आईच्या पोटाइतकी चांगली ॲम्ब्युलन्स अजून कुणी बांधलेली नाही.

संध्याकाळी घरच्यांशी बोलायला बसलो. बाळाचे वडील, म्हणजे बागायतदार पोरगा, दोन एकर द्राक्ष, हंगामाचं कर्ज आधीच काढलेलं. बरोबर त्याची आई. म्हातारीनं मला बोलूच दिलं नाही. "सातवा लागलाय न्हवं? मग भ्यायचं कारण न्हाई. सातव्याचं जगतंय, आठव्याचं जगत न्हाई."

ही समजूत आपल्याकडं घरोघर आहे आणि सपशेल चुकीची आहे. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा कितीतरी सुखरूप असतं. या वयात पोटातला एकेक आठवडा सोन्याचा. पण त्या संध्याकाळी ती समजूत मोडायला मी गेलो नाही. एवढंच म्हटलं, "आजी, सातवा नुकता लागलाय. फुप्फुसं अजून कच्ची आहेत. श्वास घ्यायला मदत लागणार. कुठली आणि किती, ते बाळ बाहेर आल्यावर बाळच सांगेल."

बोलायला सोपं. प्रत्यक्षात बाळ सांगत असतं आणि आपण ऐकत नसतो. हे प्रकरण त्याचंच आहे.

तीन वाटा

२६ आठवड्यांच्या फुप्फुसात खरे वायुकोश अजून नसतात. त्यांच्या जागी जाडसर भिंतींच्या पिशव्या असतात. त्या पिशव्या आतून ओल्या. ओल्या कॅरीबॅगच्या कडा एकमेकींना चिकटाव्यात, तशा त्या प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात. पूर्ण दिवसांच्या बाळात सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ हे चिकटणं रोखतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. या बाळांच्या मृत्यूचं मूळ सरफॅक्टंटच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं. तरी १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला. वजन दोन किलोच्या वर होतं. आज ते बाळ सांगली-मिरजेतल्या कुठल्याही बऱ्या एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातून, घरी जाईल. १९७१ मध्ये ग्रेगरींनी सीपॅप आणलं, म्हणजे श्वास बाळाचाच, आपण फक्त सतत दाब ठेवून पिशव्या मिटू द्यायच्या नाहीत. १९८० मध्ये फुजिवारांनी जपानात बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट सोडून दाखवलं. आज आमच्या हातात जे आहे, ते याच दोन शोधांचं कमीजास्त मिश्रण.

म्हणून जन्माच्या क्षणी वाटा तीन. पहिली : लगेच श्वासनलिकेत नळी, तिच्यातून सरफॅक्टंट, बाळ व्हेंटिलेटरवर. दुसरी : नळी घालायची, सरफॅक्टंट द्यायचं आणि लगेच नळी काढून सीपॅपवर आणायचं. तिसरी : सीपॅपवरच सुरुवात करायची, आणि गरज दिसली तर बाळ स्वतः श्वास घेत असतानाच बारीक नळीनं सरफॅक्टंट सोडायचं.

मी शिकत होतो तेव्हा इतक्या लहान बाळाला पहिलीच वाट, यात चर्चाच नव्हती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉइन चाचणीत २५ ते २८ आठवड्यांची ६१० बाळं होती. सीपॅपनं सुरुवात केलेल्यांत मृत्यू किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार वाढला नाही; व्हेंटिलेटरचे दिवस मात्र कमी झाले. एक गोष्ट वाईट : छातीत हवा फुटण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या जागी ९ टक्के. २०१० च्या सपोर्ट चाचणीत २४ ते २७ आठवड्यांची १,३१६ बाळं होती. तिथंही सीपॅप मागं पडलं नाही. तेव्हापासून आमचा पहिला कौल सीपॅपला, अट एकच : बाळानं स्वतः श्वास घ्यायला हवा.

चौथी वाट फोनवरून आली. कुटुंबातल्या पुण्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं, "हाय फ्लो लावायला सांगा, नाकाला त्रास होत नाही." हाय फ्लो म्हणजे नाकात सैल बसणाऱ्या बारीक नळ्यांतून जोरानं हवा सोडणं. खरं आहे, नाकाला त्रास कमी होतो. पण हाय फ्लोमध्ये आत किती दाब पोचतो, ते मोजता येत नाही. २८ आठवड्यांच्या वरच्या बाळांतसुद्धा पहिला आधार म्हणून ते सीपॅपपेक्षा जवळपास दुप्पट वेळा अपुरं पडलं, २०१६ च्या हिप्स्टर चाचणीत २५.५ टक्के विरुद्ध १३.३ टक्के. २६ आठवड्यांना त्यावर सुरुवात करणं म्हणजे नाक वाचवून जीव पणाला लावणं.

पहाटे ४.४०

रात्री अकराला डेक्साचा दुसरा डोस झाला. मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही गेलं होतं. पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी मुलगी झाली. नाळ पाऊण मिनिट तशीच ठेवली. पुसत न बसता तिला गळ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवलं, डोक्याला टोपी, उजव्या हाताला ऑक्सिमीटर. वजन ८६० ग्रॅम. साखरेचा किलोचा पुडा थोडा वापरलेला असावा, तितकं.

ठोके ९० होते. टी-पीसवर (मास्कमधून ठरावीक दाबानं श्वास देणारं साधन) ३० टक्के ऑक्सिजननं थोडे श्वास दिले, मिनिटाभरात ठोके १३० च्या पुढं, आणि मग ते ऐकू आलं. बारीक, मांजरीच्या पिलासारखं कण्हणं. लोक या आवाजाला घाबरतात. मला तो ऐकून बरं वाटतं. कण्हताना बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून छातीतली हवा धरून ठेवत असतं. म्हणजे स्वतःचं सीपॅप स्वतःच करत असतं. पाच मिनिटांना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ७८ (८० ते ८५ हवी), म्हणून ऑक्सिजन ४० केला, आठव्या मिनिटाला ८८. नळी घातली नाही.

५ वाजून ५ मिनिटांनी ती एनआयसीयूत बबल सीपॅपवर होती, ६ सेंटिमीटर दाब, ऑक्सिजन परत ३० टक्के. हे यंत्र ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : दमट केलेली कोमट हवा बाळाच्या दोन्ही नाकपुड्यांतल्या प्राँग्जमधून, म्हणजे आखूड मऊ नळ्यांतून, जाते, आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. नळी पाण्यात ६ सेंटिमीटर खोल, तर दाब ६. बस्स. बुडबुडे येत राहिले पाहिजेत, सगळी करामत त्यातच. नाळेतून लाइन टाकली, कॅफीनचा पहिला डोस गेला : किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे हिला १७.२, सिरिंजमध्ये ०.८६ मिली. कॉफीतलंच कॅफीन. ते या बाळांना श्वास घ्यायची आठवण करून देत राहतं आणि फुप्फुसाचा जुनाट आजारही कमी करतं.

इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकाप्रमाणं. पुढची चूक माझी.

आकडा रांगत वर जातो

बाळाला किती टक्के ऑक्सिजन लागतोय, त्यावर फुप्फुसाची खरी अवस्था कळते. सीपॅपवरच्या अशा बाळाला ३० टक्क्यांच्या वर लागायला लागलं, तर सरफॅक्टंट द्यावं, असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आमच्या भिंतीवरही तेच लावलेलं आहे. आणि ते लवकर दिलं तर जास्त उपयोगी. हे मला ठाऊक होतं. शिकाऊ डॉक्टरांना मीच शिकवतो.

आता सिस्टरांच्या तक्त्यावरचे त्या सकाळचे आकडे. ५.३० ला ३०. ६.१० ला ३२. ६.३० ला ३५. ७ ला ३८. ७.३० ला ४०. ८.०५ ला ४५. फासळ्यांखालचा खड्डा खोल होत होता, श्वासासाठीची धडपड मोजणारा सिल्व्हरमन स्कोअर ३ वरून ६ वर गेला होता.

एकेक पायरी इतकी लहान, की दचकावं असं कुठंच काही नाही. ३२ म्हणजे ३० च्याच जवळ. ३५ झालं तेव्हा मी म्हटलं, एक्स-रे येऊ दे. एक्स-रे आला, दळलेल्या काचेसारखी धूसर फुप्फुसं, त्यात श्वासनलिकांच्या काळ्या रेघा. त्यानं मला ठाऊक नसलेलं काहीही सांगितलं नाही. ३८ ला म्हटलं, बाळ तसं गुलाबी आहे. खरं कारण फ्रिजमध्ये होतं. तिथं पोरॅक्टंटची, म्हणजे सरफॅक्टंटच्या औषधाची, २४० मिलिग्रॅमची एकच कुपी होती आणि लेबर रूममध्ये ३१ आठवड्यांची दुसरी एक बाई कळा देत होती. कुपीची किंमत कित्येक हजारांत, योजनेचे कागद ऑफिस उघडल्यावर होणार, आणि मनात एक कोपरा म्हणत होता की कदाचित हिला लागणारच नाही. (ती दुसरी बाई पुढं तीन आठवडे बाळंत झाली नाही.)

७.४० ला रात्रपाळीच्या सिस्टर ड्यूटी संपवून निघताना इन्क्युबेटरपाशी थांबल्या. म्हणाल्या, "सर, मी दहा मिनिटांपूर्वी चाळीस लिहिलंय. दिवसपाळीला काय सांगू? वाट बघतोय म्हणून सांगू?"

टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होत्या. आणि आपण नेमकी कशाची वाट बघतोय, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

८.२० ला सरफॅक्टंट दिलं. किलोला २०० मिलिग्रॅम या हिशेबानं १७२ मिलिग्रॅम, २.१५ मिली. आमच्याकडं खास कॅथेटर नसतो. ५ नंबरची फीडिंग ट्यूब वापरतो. सीपॅप नाकात तसंच चालू. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपनं स्वरतंतू दिसले, ट्यूब दीड सेंटिमीटर आत, लॅरिंगोस्कोप बाहेर, आणि हळूहळू, दोन मिनिटं घेऊन, दुधासारखं पांढरं औषध आत. निम्म्यात ठोके ८० वर आले, सॅच्युरेशन ७२. थांबलो. कुणीही काही बोललं नाही. बाळानं स्वतःहून एक मोठा श्वास घेतला, आकडे वर आले, उरलेलं दिलं. पाऊण तासात ऑक्सिजन २५ टक्के.

ही पद्धत जादूची नाही. २०२१ च्या ऑप्टिमिस्ट चाचणीत २५ ते २८ आठवड्यांच्या ४८५ बाळांत, मृत्यू किंवा जुनाट आजार हा एकत्रित परिणाम ठामपणे कमी झाला असं सिद्ध झालं नाही. फुप्फुसाचा जुनाट आजार तेवढा ४५.३ वरून ३७.३ टक्क्यांवर आला. माझ्या दृष्टीनं तेवढं पुरे आहे. पण ६.१० ला जे द्यायचं ते मी ८.२० ला दिलं. त्या दोन तासांत तिच्या थकण्यात किती भर पडली, ते मोजायला कुठलंही यंत्र नाही.

वडील दुपारी आत आले. मॉनिटरकडं बघत म्हणाले, "डॉक्टर, ह्यो ऑक्सिजनचा आकडा आमच्या जीएसारखा का?" जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाचे मणी फुगवायला पीपीएमच्या हिशेबात देतात. "कमी पडलं तर मणी फुगत न्हाई, जास्त झालं तर देठ कडक हुतो."

ऑक्सिजन समजावून सांगताना मी वर्षानुवर्षं जी उदाहरणं देत आलो, ती त्या क्षणी फिकी पडली. अगदी हेच आहे. सपोर्ट चाचणीत सॅच्युरेशन ८५ ते ८९ ठेवलेल्या बाळांत डोळ्याच्या पडद्याचा गंभीर आजार निम्म्यानं कमी झाला, पण मृत्यू वाढले, १६.२ च्या जागी १९.९ टक्के. म्हणून आम्ही ९० ते ९५ च्या पट्ट्यात ठेवतो. त्या दिवसापासून बाप आला की आधी आकडा विचारायचा, मग मुलीकडं बघायचा. छाटणीनंतर पाऊस झाला की हीच माणसं रोज पहाटे पान उलटून डावणीचा, म्हणजे द्राक्षावरच्या रोगाचा, डाग शोधतात. नजर आधीच घडलेली होती.

बुडबुडे

दुसरा दिवस चांगला गेला. आईनं अर्धा मिली चीक काढला, तो कापसाच्या बोळ्यानं गालाच्या आत लावला. आजोबांनी पुण्याला हलवण्याचा विषय काढला. पहिल्या ७२ तासांत अशा बाळाला रस्त्यावर काढलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, त्यासाठीच आम्ही लंगोट बदलतानासुद्धा पाय उंच उचलत नाही, हे ऐकल्यावर ते गप्प बसले.

रात्री १.५० ला निवासी डॉक्टरचा फोन. "सर, ऑक्सिजन २४ वरून ३४. सॅच्युरेशन खाली-वर होतंय. प्रेशर ७ चं ८ करू का? की नळीची तयारी?" मी निघालो. पोचलो तेव्हा सिस्टर इन्क्युबेटरपाशी उकिडव्या बसून पाण्याच्या बाटलीला कान लावून होत्या. बुडबुडे येत होते, पण तुटक. चार येत, थांबत, परत दोन.

बुडबुडे थांबतात याचा अर्थ हवा दुसरीकडून निसटतेय. यंत्रावर ७ लिहिलेलं असलं तरी फुप्फुसात ७ नाही. ३ असेल, २ असेल. तिथं ७ चं ८ करणं म्हणजे फाटक्या पोत्यात आणखी धान्य ओतणं. सिस्टरांनी एकेक करून बघितलं. टोपी सैल झालेली. प्राँग्ज एक साइझ लहान, नाकपुडीत डुगडुगत होते. तोंड उघडं पडलेलं. शिवाय बाहेर जाणाऱ्या नळीच्या झोळात पाणी साचलं होतं. पाणी झटकलं, मोठे प्राँग्ज लावले, टोपी बदलली, हनुवटीखाली मऊ पट्टी दिली, मानेखालची घडी जरा वाढवली. बाटलीत परत तो एकसारखा खळखळाट. वीस मिनिटांत ऑक्सिजन २६.

"सीपॅप फेल गेलं" असं लिहून जी बाळं व्हेंटिलेटरवर जातात, त्यातली काही टोपी सैल म्हणून जातात, असं माझं प्रामाणिक मत आहे. सीपॅप स्वस्त आहे हेही पूर्ण खरं नाही. यंत्र स्वस्त आहे. पण त्याला बुडबुड्यांकडं लक्ष देणारं माणूस लागतं, आणि आमच्याकडं रात्री चार बाळांमागे एक सिस्टर असतात. त्या रात्री ते माणूस होतं.

५८ तास

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र टोपी घट्ट होती, बुडबुडे नीट होते, आणि बाळ श्वास घ्यायला विसरत होतं. तासात सहा वेळा. दोनदा बॅगनं श्वास द्यावा लागला. नाकातूनच मधूनमधून श्वास देणारं एनआयपीपीव्ही लावून पाहिलं. तासभर बरं वाटलं. इकोमध्ये हृदयाजवळची पीडीए ही रक्तवाहिनी उघडी, मोठी. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६८, पीएच ७.१८, म्हणजे तिचा श्वास आता पुरा पडत नव्हता.

यावेळी मी थांबलो नाही. २.४० ला अडीच मिलिमीटरची नळी घातली. व्हेंटिलेटर आकारमानावर लावला, किलोला ५ मिली. वजन तोवर ८१० वर उतरलेलं, म्हणजे एक श्वास ४ मिलीचा. चहाचा चमचासुद्धा पुरा भरत नाही. पूर्वी आम्ही दाब ठरवून द्यायचो. फुप्फुस मऊ झालं की त्याच दाबात दुप्पट हवा जायची आणि त्या ताणानं कोवळ्या पिशव्या फाटायच्या. कार्बन डायऑक्साइडही आता अगदी नॉर्मलवर आणायचा हट्ट धरत नाही.

बाहेर वडील उभे होते. त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायलाच हवा होता. "म्हंजे पहिल्यापास्नंच मशीन लावलं असतं तर बरं झालं असतं का? तीन दिस उगा तिला झुंजवलं का आपण?"

मी म्हटलं, दादा, नाही. कॉइनमध्ये सीपॅपवर सुरुवात केलेल्या बाळांपैकी ४६ टक्क्यांना पहिल्या पाच दिवसांत नळी लागलीच. सपोर्टमध्ये तर बहुतेकांना कधी ना कधी लागली. तरीही त्यांचं नुकसान झालं नाही. पहिले तीन दिवस मशीनच्या धक्क्यांशिवाय गेले, मेंदूची सोनोग्राफी स्वच्छ आहे, ही कमाई आहे. आता चार-पाच दिवस मशीन, मग परत सीपॅप.

मग दुसरी गोष्ट सांगितली. पहिल्या सकाळी औषध दोन तास उशिरा दिलं, तो निर्णय माझा होता आणि चुकीचा होता. त्यामुळंच आज नळी लागली असं म्हणता येणार नाही, लागली नाही असंही म्हणता येणार नाही. ते बराच वेळ जमिनीकडं बघत राहिले. म्हणाले, "फवारणी एक दिस चुकली तर आमालाबी कळतंय डॉक्टर. पुढचं बगा."

पुढचं थोडक्यात. पीडीए पॅरासिटामॉलनं मिटली. सातव्या दिवशी नळी काढली, एनआयपीपीव्ही, मग सीपॅप. मोठ्या प्राँग्जची किंमत नाकाच्या पडद्यानं मोजली. अकराव्या दिवशी लाल व्रण, त्यावर पट्टी आणि दर सहा तासांनी प्राँग्ज-मास्क आलटून पालटून. तीन आठवड्यांनी डोळे तपासले, पुढं दर आठवड्याला. दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाऊन आजार आपोआप ओसरला, लेझर लागलं नाही. कांगारू पद्धतीनं छातीशी धरायला आई, तिच्या जोडीला बाप, आणि मग म्हातारी. सीपॅपच्या नळ्यांसकट ८७० ग्रॅमची नात पदराखाली घेऊन ती तास तास हलायची नाही. "आठव्याचं जगत न्हाई" हे वाक्य तिनं परत काढलं नाही. आठवा महिना कधी सरला ते आम्हा कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. ३५ व्या आठवड्यात ऑक्सिजन सुटला. म्हणजे २८ दिवसांच्या वर लागला, पण ३६ आठवड्यांना नाही : जुनाट आजार, सौम्य. ७६ व्या दिवशी १,७८० ग्रॅम वजनावर घरी गेली.

या प्रकरणानंतर आमच्या तक्त्यात एक बदल झाला. ऑक्सिजनच्या रकान्यात ३० वर लाल रेघ छापून घेतली आहे. आकडा रेघ ओलांडून पंधरा मिनिटं तिथंच राहिला, की सिस्टरांनी निवासी डॉक्टरला न विचारता थेट मला फोन करायचा, कितीही वाजले असले तरी. पण त्याआधी टोपी, प्राँग्ज, तोंड, पाणी, मान हे पाच बघायचे. फ्रिजमध्ये आता दोन कुप्या असतात. आणि रेघ ओलांडल्यावर मी काय म्हणायचं, तेही ठरलेलं आहे : एकतर "देऊ या", नाहीतर न देण्याचं कारण तक्त्यावर माझ्या अक्षरात. "बघू" हा शब्द त्या रकान्यात चालत नाही.

गेल्या मंगळवारी रात्री अडीचला फोन वाजला. २७ आठवडे, ९४० ग्रॅम, दुसरा तास. "सर, बत्तीस. पंधरा मिनिटं झाली. पाचही बघितलं, सगळं घट्ट आहे."

"कुपी बाहेर काढून ठेवा," म्हटलं, आणि अंधारात चप्पल शोधायला लागलो.